‘आपण’ म्हणजे कोण?

मराठी भाषेने आपली एक मोठी सोय करून ठेवली आहे, आणि तिची किंमत आपल्याला कधी कळलेली नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे शब्द आपल्याजवळ आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला चाललो’ असे सांगणारा शेजारी दारावरून पुढे निघून जातो. ‘आपण जेवायला जाऊ’ असे म्हणाला, तर तो थांबतो आणि आपण चपला शोधू लागतो. चार वर्षांच्या पोराला हा भेद शिकवावा लागत नाही. इंग्रजीत मात्र दोहोंचे काम ‘वुई’ या एकाच शब्दावर भागवतात. जगातल्या मोठमोठ्या परिषदांचे मसुदे इंग्रजीत होत असल्यामुळे त्या एका शब्दाच्या आडोशाला किती जणांना लपता येते, हे पाहिले म्हणजे व्याकरण हा विषय मुलांना वाटतो तितका कोरडा नाही, अशी माझी पुन्हा एकदा खात्री पटते.

आता हे वाक्य पाहा : ‘आम्ही जेवलो, आता आपण सगळे मिळून भांडी घासू.’ घरात कोणी असे बोलले तर आजी त्याच्या पाठीत लाटणे घालील. पण पृथ्वीच्या तापमानावर गेली तीस-पस्तीस वर्षे जो जागतिक विचारविनिमय चालला आहे, त्याचे सार याहून फारसे निराळे नाही. पृथ्वी तापली ती ‘वुई’मुळे आणि ती निववायची आहे ती ‘वुई’ने. पहिल्याचे मराठी ‘आम्ही’ व्हायला हवे होते, दुसऱ्याचे ‘आपण’. भाषांतर करणारा दोन्ही ठिकाणी ‘आपण’ लिहून मोकळा होतो, आणि वाचणारा निमूटपणे मान डोलावतो. त्यातही आपल्या ‘आपण’ला आणखी एक खोच आहे. आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही तो चालतो. ‘आपण कोठले?’ असे विचारणारा स्वतःला त्यात धरत नाही. हवामानबदलावरची व्याख्याने मी हा कान लावून ऐकली आहेत. आरंभीचा ‘आपण’ साऱ्या विश्वाला कवेत घेणारा असतो. त्यागाचे कलम आले की तो हळूच आदरार्थी होतो. आपण पाणी जपावे, आपण वीज वाचवावी, आपण गरजा कमी कराव्यात. म्हणजे तुम्ही. वक्ते महाशय नव्हेत. त्यांची मोटार बाहेर यंत्र चालू ठेवून गार होत उभी असते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही आपल्याकडची रीत आहे. हा लेख कारीट समजावा. चकल्या पुढच्या पानांवर आहेत.

कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग मी थोडाफार केला आहे. त्या धंद्यात ‘मानवजात’ नावाच्या पात्रावर कथा रचता येत नाही. कोणी केले, कोणाला केले, तेव्हा तिसरा कोठे उभा होता, हे ठरल्याशिवाय पहिले पान पुढे सरकत नाही. आणि हवामानबदलाचे वर्तमान वाचायला घ्यावे, तर तेथे नेमके पात्रच सापडत नाही. ‘पृथ्वी तापली’ असे लिहिलेले असते. तापली! दूध उतू गेले, बशी फुटली, पृथ्वी तापली. घरातले पोर काही मोडून ठेवते तेव्हा हेच अकर्मक क्रियापद वापरते, आणि आई लगेच विचारते, “फुटली, की फोडलीस?” हा एक प्रश्न विचारण्याचे धाडस जगातल्या शहाण्या लोकांना फार दिवस झाले नव्हते. म्हणून प्रथम हिशेब पाहू. तो थोडक्यात आटोपतो.

कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने कर्बवायू हवेत जातो आणि सूर्याची उष्णता पांघरुणासारखा धरून ठेवतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ ची तेथली सरासरी ४२४ च्या वर गेली, आणि त्याच वर्षी पृथ्वीचे तापमान यंत्रयुगापूर्वीच्या मानाने दीड अंशाहून अधिक वाढलेले भरले. पण नीतीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा वायू स्वयंपाकघरातल्या धुरासारखा खिडकी उघडली की निघून जात नाही. त्याचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. तेव्हा या महिन्यात कोणी किती उधारी केली एवढेच पाहून भागत नाही, मागची थकबाकी पाहावी लागते. वाण्याच्या वहीत दोन्ही लिहिलेली असतात. या महिन्याच्या उधारीत चीन सर्वांच्या पुढे आहे, जगातल्या साऱ्या धुराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा तो धनी आहे, आणि देश म्हणून पाहिले तर अमेरिकेच्या मागोमाग तिसरा क्रमांक आपला आहे. पण थकबाकीचे पान उलटले की चित्र फिरते. आजवर जाळलेल्या कोळसा-तेलाच्या धुरापैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. जगातली सहाव्या हिश्श्याहून अधिक माणसे ज्या देशात राहतात, त्या भारताचा वाटा शेकडा तीन-चारांच्या घरात. साऱ्या आफ्रिका खंडाचाही तेवढाच.

यावर पहिला बचाव असा येतो की, ‘आमच्या वाडवडिलांना हे ठाऊक नव्हते, अजाणतेपणी झालेल्या गोष्टीचा दोष कसला?’ हा बचाव वरवर पाहता मोठा न्याय्य वाटतो. म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवले होते, की कर्बवायू भरलेली नळी अधिक तापते आणि उशिरा निवते. १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी, हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचे गणित हाताने करून मांडले. १९६५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हाती त्यांच्याच शास्त्रज्ञ मंडळाचा अहवाल होता आणि त्यात या धोक्याचा इशारा होता. १९९२ साली रिओ येथे जगातल्या राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. त्यानंतर तर ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणायला जागाच उरली नाही. आणि गंमत अशी, की माणसाने आजवर जाळलेल्या कोळसा-तेलाच्या धुरापैकी निम्म्याहून अधिक धूर १९९० नंतरचा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पाप डोळे उघडे ठेवून, सही केलेला कागद फडताळात ठेवून झाले आहे. अजाणतेपणाची सूट उरलेल्यापुरतीच मागता येईल.

तीही मागू द्यायची का? जुन्या हिंदू कायद्यात बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानत. २००५ च्या दुरुस्तीने ते बंधन काढून टाकले, आणि ते योग्यच झाले. ज्याने पैसा पाहिलाही नाही त्याच्या मागे सावकार का लागावा? पण बापाचा वाडा घ्यायचा, वाड्यात राहायचे, वाड्याचे भाडे खायचे, आणि वाड्यावरचे गहाण मात्र ‘ते बाबांचे, आम्हांला काय ठाऊक’ म्हणून झटकायचे, हे २००५ नंतरही कोणत्या कोर्टात चालत नाही. लंडनचे रस्ते, पिट्सबर्गचे कारखाने, ऱ्हाइनकाठची शहरे हा तो वाडा आहे. त्यात राहणारी माणसे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. ती वाड्यात राहतात, एवढेच.

दुसरा बचाव अधिक चतुर आहे, आणि तो परदेशातल्या कंपन्यांपासून पुण्यातल्या माझ्या स्नेह्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. ‘माझ्या एकट्याच्या धुराने काय होणार? समुद्रात थेंब!’ याचे उत्तर शोधताना मला पेरू देशातल्या एका खटल्याची हकीकत सापडली, आणि ती मी वाचकांना जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इतक्या थोड्या पैशांसाठी इतका मोठा प्रश्न विचारला गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

अँडीज पर्वताच्या कुशीत हुआराझ नावाचे शहर आहे. त्याच्या डोक्यावर पाल्काकोचा नावाचे सरोवर. वरची हिमनदी वितळते तसे सरोवर फुगते. १९४१ च्या डिसेंबरात ते एकदा फुटले होते आणि शहराचा मोठा भाग माणसांसकट वाहून गेला होता. या शहरात साऊल लुसियानो ल्यूया नावाचा गृहस्थ राहतो. शेती करतो आणि गिर्यारोहकांना वाट दाखवतो. त्याने २०१५ साली जर्मनीत जाऊन तेथल्या आर.डब्ल्यू.ई. या वीज कंपनीवर दावा लावला. कंपनीचे पेरूमध्ये एकही वीजकेंद्र नाही. मग दावा कशाचा? त्याचे म्हणणे असे : जगातल्या कारखानदारीने आजवर जेवढा धूर केला, त्यात या कंपनीचा वाटा शेकडा अर्ध्याच्या जवळ, ०.४७ आहे. माझे घर वाचवण्यासाठी सरोवराला जे बांधकाम करावे लागेल, त्याच्या खर्चाचे शेकडा ०.४७ कंपनीने द्यावे. रक्कम आली सुमारे सतरा हजार युरो. अधिक एक पैसा नको.

या मागणीतला साधेपणा मला थक्क करतो. ‘तुम्ही जग बुडवलेत’ असे तो म्हणाला नाही. तुमच्या वाटणीची भांडी तेवढी घासा, एवढेच म्हणाला. खालच्या कोर्टाने दावा काढून टाकला. हाम येथल्या वरच्या कोर्टाने तो दाखल करून घेतला. तज्ज्ञ मंडळी हुआराझला जाऊन सरोवर पाहून आली. आणि दहा वर्षांनी, २०२५ च्या मे महिन्यात निकाल लागला. तो हरला. त्याच्या घरावर पुराचा धोका पुरेसा निकट आहे असे न्यायाधीशांना वाटले नाही. पण त्याच निकालपत्रात त्यांनी हेही नमूद केले, की मोठा धूर करणाऱ्याला हजारो कोसांवरच्या नुकसानीसाठी जर्मन दिवाणी कायद्याखाली जबाबदार धरता येऊ शकते. वाटा लहान आहे आणि नुकसान दूर आहे, एवढ्यानेच तो सुटत नाही. ‘समुद्रात थेंब’ म्हणणाऱ्यांनी हे निकालपत्र भिंतीवर लावून ठेवावे.

पण येथे माझ्याच मनात एक अडचण उभी राहते, आणि ती लपवून पुढे जाणे बरे नव्हे. वाटा लहान असला तरी तो वाटाच, हे खरे मानले, तर चुलीत काटक्या घालणाऱ्या बाईचाही वाटा आहे. भातखाचरातून निघणाऱ्या वायूचाही आहे. मग तिच्या दारातही बेलीफ पाठवायचा काय? नीतीचे नियम सर्वांना सारखे असावेत असे आपण मुलांना शिकवतो. येथे ते सारखे ठेवले तर अन्याय होतो, आणि वेगळे ठेवले तर नियमच मोडतो. या कोड्याशी मी पुष्कळ दिवस झटापट केली. त्याचे उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मिळण्याआधी श्रावणातल्या सोमवारच्या कहाणीत मिळाले.

खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरोघर वाचतात. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, घरातले सारे दूध देवळात आणावे. लोक भयाने सगळे दूध नेऊन ओततात. घरी वासरे आणि पोरेबाळे उपाशी राहतात. आणि गाभारा काही केल्या भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी पोरांना पाजते, वासरांना पाजते, लेकीसुनांना देते, आणि उरलेले खुलभर दूध घेऊन देवळात येते. तिने ते वाहताच गाभारा भरतो. लहानपणी ही गोष्ट चमत्काराची वाटते. मोठेपणी ती हिशेबाची वाटू लागते. राजाच्या दवंडीत एकच ‘आपण’ होता, सर्वांना सारखा. पोराच्या तोंडचे दूध आणि सावकाराच्या घरी तूप काढून उरलेले दूध, दोन्ही त्याने एकाच मापाने मोजले. म्हणून गाभारा भरला नाही.

हीच गोष्ट १९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीहून एक पुस्तिका काढून आकड्यांनिशी सांगितली. जगण्यासाठी होणारा धूर आणि चैनीसाठी होणारा धूर एका तराजूत घालू नका, असे त्यांचे म्हणणे होते. पाश्चात्त्य संस्था त्या वेळी भाताच्या शेतांतला आणि गाईगुरांच्या पोटातला वायू मोजून आपल्याला आरोपींच्या पिंजऱ्यात उभे करू पाहत होत्या. पुढच्या वर्षी रिओच्या करारात ‘समाईक, पण निरनिराळी जबाबदारी’ हे तत्त्व लिहिले गेले. शब्द अवघड आहेत, पण अर्थ म्हातारीचाच आहे : आधी पोरांना पाजा, मग उरलेल्यातून द्या, आणि ज्याच्याकडे अधिक उरते त्याने अधिक द्या. दुःख एवढेच, की करारात म्हातारीचे तत्त्व लिहिले गेले आणि दवंडी राजाचीच चालू राहिली.

येथवर आलेला वाचक सुखावला असेल. गोरे लोक दोषी, आपण निर्दोष. आता करंज्या खायला हरकत नाही. थांबा. कारिटाचा खरा कडू भाग अजून जिभेला लागलेलाच नाही.

दरडोई हिशेब केला तर वर्षाला अमेरिकन माणूस सुमारे चौदा टन कर्बवायू सोडतो आणि भारतीय माणूस सुमारे दोन टन. हा आकडा आपले प्रतिनिधी प्रत्येक परिषदेत ठणकावून सांगतात, आणि तो खरा आहे. पण हा ‘भारतीय माणूस’ कोण? सरासरी तीन फूट खोल नदीत बुडून मेलेल्या माणसाची गोष्ट आम्ही गणिताच्या तासाला सांगतो. मुंबईच्या पंचविसाव्या मजल्यावर चार खोल्यांत चार यंत्रे लावून गारव्यात झोपणारा, महिन्याला दोनदा विमानाने दिल्ली गाठणारा, मुलाच्या लग्नासाठी परदेशातला महाल भाड्याने घेणारा, तोही दोन टनांचाच, कारण मेळघाटातल्या कोरकू बाईने अर्धा टनही सोडलेला नाही. तिच्या गरिबीचा शिल्लक धूर हा आपल्या नावावर वापरतो आणि तिला त्याचे भाडेही देत नाही. २००७ साली ‘ग्रीनपीस इंडिया’ने एक अहवाल काढला होता. त्याच्या मथळ्याचा अर्थ ‘गरिबांच्या आडोशाला लपणे’ असा होता. त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, आणि का झाली नाही हेही उघड आहे : चर्चा करणारे सारे त्या आडोशालाच बसले होते.

जिनीव्हात बोलताना आपण ‘आम्ही गरीब’ म्हणतो. चंद्रपुरात आल्यावर ‘आपण सर्वांनी विकासासाठी थोडे सोसले पाहिजे’ म्हणतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. त्याची राख कोणाच्या शेतावर पडते आणि त्याची वीज कोणाच्या भिंतीवरचे यंत्र चालवते, हे नकाशा उघडून पाहावे. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत चंद्रपूरचे नाव वारंवार येते. ज्यांच्या अंगणात कोळसा जळतो त्यांच्याच डोक्यावर ऊनही अधिक, हा योगायोग असेल. पण तो विलक्षण सोयीचा योगायोग आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर एका मोठ्या सरकारी समारंभात लाखो माणसे भर दुपारी उन्हात बसली होती. व्यासपीठावर छप्पर होते, समोर नव्हते. उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या एका दिवसाचे ऊन हवामानबदलामुळे पडले, असे मी म्हणणार नाही. एका दिवसावरून असे ठरवता येत नाही, आणि तावातावाने तसे म्हणणारे विज्ञानाचे नुकसानच करतात. मी म्हणतो ते सावलीच्या वाटणीविषयी. ऊन वाढत जाणार, हे शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. छप्पर कोठे घालायचे, हे त्यांनी सांगितलेले नाही. ते आपण ठरवतो. आणि या ठिकाणी ‘आपण’ म्हणजे कोण, हे वाचकाने स्वतःला विचारावे.

२०२४ च्या मार्चमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात निकाल देताना असे मानले, की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांत सामावलेला आहे. एकविसावे कलम जीविताचे. चौदावे समानतेचे. ते चौदावे मला फार महत्त्वाचे वाटते. ऊन सर्वांवर पडते, पण सर्वांवर सारखे पडत नाही, हे त्यात मान्य झाले.

आणखी एक ‘आपण’ राहिला, आणि तो सर्वांत बिचारा, कारण तो अजून जन्मलाच नाही. त्याचा निकाल अर्थशास्त्रज्ञ चक्रवाढ व्याजाने लावतात. मुलांना आम्ही मुद्दलावरून रास काढायला शिकवतो. हे लोक रास घेऊन उलटे येतात. शंभर वर्षांनी कोणाचे एक कोटी रुपयांचे नुकसान होणार असेल, तर दर साल दर शेकडा पाच दराने त्याची आजची किंमत येते अवघी ७६ हजार. वहीपेन्सिल घेऊन करून पाहावे. म्हणजे नातवाच्या नातवाचे एक कोटी वाचवण्यासाठी आज ७६ हजारांहून एक रुपया जास्त खर्च करणे हा अव्यवहारीपणा ठरतो. दर १.४ धरला, तर तीच किंमत पंचवीस लाखांच्या घरात जाते. २००६ साली निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला तो या दुसऱ्या दराच्या आसपास, आणि निष्कर्ष निघाला : ताबडतोब हातपाय हलवा. विल्यम नॉर्डहाउस यांनी दर पुष्कळ चढा धरला आणि निष्कर्ष निघाला : सावकाश चला. नॉर्डहाउस यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोघेही विद्वान, दोघांचेही गणित बिनचूक. फरक फक्त एका शेकड्याच्या आकड्यात, आणि तो आकडा कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. न जन्मलेल्या पोराचे दुःख आजच्या दुःखाच्या मानाने किती हलके धरायचे, हा त्या आकड्यातला मुख्य प्रश्न आहे. म्हणजे तो नीतीचा आकडा आहे. त्याला अर्थशास्त्राचे कपडे चढवले आहेत इतकेच.

‘पुढची पिढी आपल्याहून श्रीमंत असणार, मग आपण गरिबांनी तिच्यासाठी का झिजावे?’ असे यावर उत्तर येते. येथेही तीच लबाडी! कोणाची पुढची पिढी? बीडहून दर वर्षी कोयता घेऊन उसाच्या फडात जाणाऱ्या जोडप्याची नात श्रीमंत असणार आहे, हे कोणी लिहून दिले आहे काय? फ्रँक रॅम्से नावाचा केंब्रिजचा एक तरुण गणिती १९२८ सालीच सांगून गेला, की पुढच्यांचे सुख केवळ ते पुढचे आहे म्हणून कमी मोजणे नीतीला धरून नाही, आणि असे करण्याचे मूळ कल्पनाशक्तीच्या दुबळेपणात आहे. तो सव्विसाव्या वर्षी वारला. कल्पनाशक्तीचा दुबळेपणा हे खाते खरे म्हणजे आम्हा कथाकादंबरीवाल्यांचे; पण आम्ही प्रेमाच्या त्रिकोणांत गुंतलेलो असल्यामुळे ते काम गणित्याला करावे लागले.

पैशाच्या वचनांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केले, की २०२० पासून गरीब देशांना या कामासाठी दर वर्षी शंभर अब्ज डॉलर उभे करून देऊ. त्यांच्याच हिशेबाने ते वचन २०२२ साली प्रथम पुरे झाले, आणि त्यातही सरकारी पैशाचा बराच मोठा भाग कर्जाऊ. म्हणजे आधी आमच्या गोठ्याला आग लावायची आणि मग गोठा बांधायला व्याजाने पैसे द्यायचे. २०२४ साली बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्जांचा आकडा ठरला. गरीब देशांची मागणी तेराशे अब्जांची होती. अमेरिकेने तर पॅरिसच्या करारातून एकदा अंग काढून घेतले, पुन्हा आत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याची नोटीस दिली. पंगतीतून असे उठबस करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते छापता येणार नाही.

त्यापेक्षा मला वनुआतूची हकीकत अधिक मोलाची वाटते. पॅसिफिक महासागरातला हा चिमुकला द्वीपसमूह. समुद्र चढतो आहे आणि वादळे वाढत आहेत. २०१९ साली तेथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या काही मुलामुलींनी ठरवले, की जगाच्या सर्वोच्च न्यायालयाला सरळ प्रश्नच विचारावा : पृथ्वी तापवणाऱ्या राष्ट्रांवर कायद्याने बंधन आहे की नाही, आणि ते मोडले तर काय? वनुआतू सरकारने तो प्रश्न उचलला, संयुक्त राष्ट्रांच्या सभेने २०२३ साली एकमताने पुढे पाठवला, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने उत्तर दिले. बंधन आहे, आणि ते मोडणाऱ्या राष्ट्रावर, परिस्थितीप्रमाणे, भरपाई देण्यापर्यंत जबाबदारी येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, त्याने उद्या सकाळी कोणाची जप्ती होणार नाही. पण वर्गात बसलेल्या पोरांनी ‘कोणी?’ असा प्रश्न विचारला आणि पंधरा न्यायाधीशांना त्याचे उत्तर द्यावे लागले, एवढे तर झाले.

आमच्या शाळांत आम्ही काय विचारतो? ‘पर्यावरण रक्षण : आपले कर्तव्य’ यावर वीस ओळी लिहा. आणि ज्या मुलीच्या घरी पंखा नाही, जिची आई कोसभरावरून दोन हंडे पाणी आणते, ती मुलगी सुवाच्य अक्षरात लिहिते : ‘आपण विजेचा अपव्यय टाळला पाहिजे. आपण पाण्याची नासाडी थांबवली पाहिजे. आपण मोटारीऐवजी सायकल वापरली पाहिजे.’ तिला दहापैकी आठ गुण मिळतात. हे निबंध मी वर्षानुवर्षे तपासले आहेत, आणि याहून क्रूर काही कादंबरीत लिहायचे धाडस मला झालेले नाही. जिने काही मोडले नाही, तिच्याकडून आम्ही मोडल्याची कबुली लिहवून घेतो; वर शुद्धलेखनाच्या चुका काढतो. त्याच गावातल्या ज्या बंगल्यासमोर दोन मोटारी रोज नळाच्या पाण्याने धुतल्या जातात, तेथला मुलगा हाच निबंध शब्दशः लिहितो, आणि त्यालाही आठच गुण मिळतात. समानतेचे इतके परिपूर्ण दर्शन अन्यत्र होणे कठीण.

कोणी म्हणेल, मास्तर, मग मुलांना झाडे लावायला सांगूच नये काय? जरूर सांगावे, झाड लावण्यात आनंद आहे, आणि सावली ही फार चांगली वस्तू आहे. माझी तक्रार प्रश्नपत्रिकेबद्दल आहे. पुढच्या परीक्षेला मी पुढील प्रश्न सुचवतो, शिक्षणखात्याने हवा तर घ्यावा : ‘तुमच्या गावात मे महिन्यात दुपारी बारा ते चार उन्हात कोण कोण काम करते, त्यांची नावे लिहा. ऊन वाढल्यामुळे या माणसांना ते चार तास सावलीत बसवायचे ठरले, तर त्यांची बुडालेली मजुरी कोणी द्यावी आणि का, हे सकारण सांगा.’ गुण दहा. वेळ अर्धा तास. उत्तरात ‘आपण’ हा शब्द आल्यास तो कोणाकोणासाठी वापरला आहे, हे समासात लिहावे.